मुळांचा श्वास आणि पाण्याची ऊब



ज्याची सारी हयात मराठी साहित्याच्या अध्यापनात गेली, त्याने पाण्याच्या तापमानावर व्याख्यान द्यावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. निमंत्रण स्वीकारताना संतसाहित्यावरचा एखादा विषय द्यावा, असे माझ्याही मनात आले होते. परंतु ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी विज्ञान शिकवीत असत. घरी मराठी आणि पोवारी, शाळेत हिंदी आणि पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात इंग्रजी संज्ञा, अशा तिहेरी पेचात सापडलेल्या आम्हा मुलांना ते प्रत्येक गोष्ट वस्तूला हात लावून समजावून देत. त्यांनी शिकविलेला एक धडा मला साठ वर्षांनी उपयोगी पडला, आणि तो मी आज येथे परत करणार आहे.

एप्रिल महिना होता. परीक्षा आटोपत आल्या होत्या. गुरुजींनी आम्हाला पहाटे तलावावर नेले. पाणी आटून निम्म्यावर आले होते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. "मासा पाण्यात राहतो, मग त्याला गुदमरायला काय झाले?" असा प्रश्न त्यांनी टाकला. आम्ही निरुत्तर. मग त्यांनी सांगितले की, मासा पाण्यात राहत असला तरी श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. पाणी जसजसे ऊन होते तसतसा हा प्राणवायू त्यात कमी मावतो. शिवाय रात्री पाणवनस्पतींकडून प्राणवायू तयार होत नाही आणि श्वास मात्र सगळ्यांचाच चालू राहतो. म्हणून पहाटे टंचाई सर्वांत अधिक. त्या दिवशी एवढेच कळले. झाडाच्या मुळांनाही हाच न्याय लागू आहे, हे कळण्यासाठी मला सत्तरी गाठावी लागली.

झाले असे की, गोंदियाजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याने मातीविना शेतीचा उद्योग आरंभिला. एका बंद शेडमध्ये नळ्यांचे मांडव, वर दिवे, खिडकीत कूलर, आणि नळ्यांतून अखंड फिरणारे खतयुक्त पाणी, असा तो थाट होता. पीक लेट्यूसचे, म्हणजे हॉटेलांत कोशिंबिरीसाठी लागणाऱ्या विलायती पालेभाजीचे. कर्ज काढून सारे उभे केले. सामग्री विकणाऱ्याने त्याला एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. "काका, एवढे मराठीत करून द्या, कामावरच्या माणसांना वाचता येईल," म्हणून ती त्याने माझ्याकडे आणली. अनुवादकाला प्रत्येक ओळीपाशी थांबावे लागते. अठराव्या पृष्ठावर एकच ओळ होती, की पाण्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस राखावे. कसे राखावे, याविषयी अवाक्षर नव्हते. मी विचारले, "तुझ्या टाकीतले पाणी किती अंश आहे?" तो म्हणाला, "काका, ते कधी मोजलेच नाही. खोलीचे तापमान मात्र रोज लिहितो."

टाकी हजार लिटरची, काळ्या प्लास्टिकची, शेडबाहेर पश्चिमेच्या उन्हात ठेवलेली होती. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तापमापक आत सोडला तेव्हा पारा ३४ अंशांवर स्थिरावला. खोली कूलरने तीस अंशांपर्यंत उतरली होती, आणि मुळे मात्र चौतीस अंशांच्या पाण्यात होती. आठ दिवसांत रोपांनी माना टाकल्या. मुळे बाहेर काढली तर ती तपकिरी, बुळबुळीत, बोटांत धरताच साल सुटून येणारी, आणि कुजका वास मारणारी. पाण्यात पाय बुडवून उभी असलेली रोपे तहानेने सुकली होती. पुतण्याला वाटले, खत कमी पडले असावे. म्हणून त्याने त्याची मात्रा वाढविली आणि उरलीसुरली रोपेही गेली.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. मूळ पाणी पिते हे आपण शाळेत शिकतो, परंतु मूळ श्वासही घेते हे आपण विसरतो. पाणी आणि क्षार आत ओढून घेण्यासाठी मुळाला शक्ती लागते, ती त्याला साखरेच्या ज्वलनातून मिळते, आणि त्या ज्वलनाला प्राणवायू हवा. भुसभुशीत मातीत कणांच्या फटींतून हवा खेळत असते. एका लिटर हवेत प्राणवायू सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. पाण्याची स्थिती किती दरिद्री आहे पाहा : २० अंशांच्या एका लिटर पाण्यात, ते हवेने पूर्ण तृप्त असले तरी, फक्त ९.१ मिलिग्रॅम. २५ अंशांना ८.३, ३० अंशांना ७.६, आणि ३५ अंशांना सातच्याही किंचित खाली. हे आकडे समुद्रसपाटीचे, आपल्याकडे त्याहून थोडे कमीच. त्यातही पाण्यातून प्राणवायू सरकण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद.

आता दुसरी बाजू. तापमान दहा अंशांनी वाढले की मुळाच्या श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे पाणी वीसवरून तीस अंशांवर गेले तर पुरवठा सहाव्या हिश्श्याने घटला आणि मागणी दुप्पट झाली. घरात उत्पन्न घटावे आणि त्याच महिन्यात पाहुणे यावेत, तसा हा प्रकार आहे. त्यात भर म्हणून पिथियम नावाची एक बुरशीसारखी जीवजात अशाच वेळेची वाट पाहत असते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि फिरत्या पाण्यातून एका रोपाकडून सर्व रोपांकडे जातात. तिच्यातील एक जात ऊन पाण्यातच विशेष माजते. गुदमरलेले मूळ तिच्या तावडीत सहज सापडते. मातीत एक रोप मेले तर शेजारचे वाचू शकते, परंतु येथे सर्वांचे पाणी एकच असते.

मातीविना रोप वाढविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी १६९९ साली पुदिना पाण्यात वाढवून पाहिल्याची नोंद आहे. जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या सुमारास रोपाला कोणते क्षार लागतात हे पाण्यातच शोधून काढले. कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी १९३७ साली या पद्धतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे कष्ट. शब्दांचा धंदा केलेल्या माणसाला या नावाचे हसू येते, कारण यात कष्ट पाण्याला करावे लागतात आणि शेतकरी निर्धास्त राहतो, असेच विकणारे सांगत असतात. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली कालिम्पाँग येथे प्रयोग आरंभिले आणि त्यातून 'बंगाल पद्धती' पुढे आली. तिच्यात रोपे खडी आणि वाळूत उभी असत, त्यामुळे मुळांना हवा आपोआप मिळे. ती साधी पद्धत मागे पडली आणि चकचकीत नळ्या पुढे आल्या, याचे मला थोडे वाईट वाटते.

त्या पुस्तिकेची भाषा मला विचित्र वाटली होती. तिच्यात फुलोऱ्याचा, राळेचा, अठरा तासांच्या प्रकाशाचा उल्लेख वारंवार येई. लेट्यूसला फुलोरा येऊ द्यायचाच नसतो, मग हे काय? पुढे उलगडा झाला. परदेशांत बंद खोल्यांत, दिव्यांखाली, पाण्यावर गांजा वाढविणाऱ्यांनी या तंत्राविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि झाडाचे नाव गाळून ती वाक्ये भाजीच्या पुस्तिकेत आली होती. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि तेथे मोठ्या बंदिस्त लागवडी उभ्या राहिल्या. आपल्याकडची स्थिती अगदी निराळी. जुन्या मध्यप्रांतात निमाड जिल्ह्यातील खंडवा तहसिलीत सरकारी देखरेखीखाली गांज्याची शेती होत असे आणि १८९३-९४ च्या आयोगाने तिची तपशीलवार नोंद केली आहे. आज मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने ती लागवड गुन्हा आहे. राज्याच्या परवानगीने वैद्यकीय, वैज्ञानिक वा औद्योगिक कारणासाठी तेवढा अपवाद. तो आपला विषय नव्हे. आपल्या दृष्टीने मुद्दा इतकाच की, ते लिहिणारे थंड देशांतले होते. त्यांची अडचण दिव्यांच्या उष्णतेची होती. दिव्यांची उष्णता खोलीबाहेर काढली, टाकी तळघरात ठेवली, की त्यांचे पाणी वीस अंशांवर येई. म्हणून त्यांना ती एक ओळ पुरली. बालाघाट-गोंदियाच्या वैशाखात, जेथे सावलीतली हवाच बेचाळीस अंशांवर जाते, तेथे त्या एका ओळीला एक प्रकरण लागते.

कोणी विचारील, आपला धान तर ज्येष्ठ-आषाढापासून उन्हात तापलेल्या पाण्यात उभा असतो. परे टाकले, रोवणी झाली, बांधीत वीतभर पाणी साचले, आणि त्या पाण्याला दुपारी हात लावला तर ते चांगले ऊन लागते. मग धानाची मुळे का कुजत नाहीत? उत्तर धानाच्या देठात आहे. त्याच्या पानांपासून मुळांच्या टोकापर्यंत हवेच्या पोकळ्यांची नळी असते आणि तिच्यातून प्राणवायू खाली उतरतो. कमळकाकडी आडवी कापली की जी भोके दिसतात, तीही हीच हवेची वाट. ज्या वनस्पतींनी पिढ्यान्पिढ्या तलावात घर केले, त्यांनी आपली सोय करून घेतली. लेट्यूस, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि तो गांजाही कोरड्या जमिनीवरचे. त्यांना पाण्यात उभे करायचे तर ती हवा आपण पोहोचविली पाहिजे.

आपल्या प्रदेशात बंदिस्त जागेत पीक घेण्याचे जुने उदाहरण शोधायचे तर रामटेकच्या पानमळ्यांकडे पाहावे लागेल. बांबू, गवत आणि काड्यांनी चहूबाजूंनी व वरूनही झाकलेला तो मांडव म्हणजे आपले जुने हरितगृहच. बाहेर उन्हाची काहिली, आत ओलसर गारवा. बारई समाजाची माणसे त्यात पादत्राणे घालून जात नाहीत. नागवेलीला ते देवत्व देतात आणि नागपंचमीला नागाची पूजा करतात. मला तेथे विशेष वाटले ते हे की, उन्हाळ्यात पाणी वारंवार द्यायचे परंतु वेलाच्या पायथ्याशी साचू द्यायचे नाही, म्हणून सऱ्यांना उतार दिलेला असतो. पाणी साचले की वेलाचे मूळ कुजते आणि मळा बसतो. पाणी हवे, गारवा हवा आणि मुळाशी हवाही हवी, ही तिन्ही सूत्रे त्या मळ्यात एकत्र नांदत होती.

आता उपाय. येथे मला पुन्हा गुरुजींकडे वळावे लागते. एकदा त्यांनी वर्गात दोन तापमापक टांगले, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या फुग्यावर ओले फडके. ओल्याचा पारा भराभर उतरला. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. पाण्याचे बाष्प होताना ते उष्णता घेऊन जाते, एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. हिशेब करा : शंभर लिटर पाण्यातून केवळ एक लिटर उडून गेले तर उरलेले पाणी पाच-सहा अंशांनी उतरते. याहून स्वस्त यंत्र मला ठाऊक नाही. परंतु ओल्या फडक्याचा पारा जेथे थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर तो पारा २४ च्या आसपास थांबतो. श्रावणात हवा तीस अंशच असते, पण आर्द्रता पंचाऐंशी टक्के, आणि तेव्हा तो २८ च्या खाली येत नाही. म्हणूनच माठातले पाणी वैशाखात गार आणि श्रावणात कोमट लागते. पुतण्याने टाकीला ओले गोणपाट गुंडाळले तेव्हा मे महिन्यात गुण आला, पण ऑगस्टमध्ये काहीच फरक पडेना. तो गोणपाटाला दोष देत होता, दोष हवेचा होता.

बर्फाचाही मोह अनेकांना होतो. एक किलो बर्फ वितळून वीस अंशांवर येईपर्यंत सुमारे शंभर किलोकॅलरी उष्णता शोषतो. पाचशे लिटर पाण्यात दहा किलो बर्फ टाकला तर पाणी दोन अंशांनी उतरेल, आणि पंप चालू असला की दुपारपर्यंत पुन्हा चढेल. शिवाय खताचे पाणी तितके पातळ होईल. हा उपाय एखाद्या अडल्या दिवसापुरता.

पाणी थंड करण्याचे यंत्र मिळते, त्याला चिलर म्हणतात. हजार लिटर पाणी आठ अंशांनी उतरवायचे म्हणजे आठ हजार किलोकॅलरी बाहेर काढायच्या. एक टनाच्या यंत्राला त्यासाठी अडीच तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेही बाहेरून उष्णता आत येतच नाही असे धरून. टाकी उन्हात असेल तर यंत्र दिवसभर धावेल आणि वीजबिल भाजीच्या विक्रीला गिळून टाकील. म्हणून आधी उष्णता आत येण्याच्या वाटा बुजवाव्या. टाकी सावलीत किंवा जमिनीत पुरलेली असावी. काही हात खोल जमिनीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहते. आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते ते यामुळेच. पाणी वर्षभर जवळपास तसेच असते, बदलतो तो आपला हात. टाकी मोठी असावी, कारण मोठा साठा हळू तापतो. उघड्यावरच्या काळ्या नळ्या पांढऱ्या रंगाने रंगवाव्या किंवा झाकाव्या. पातळ धारेच्या नळीपेक्षा खोल हौदात तरंगणारी रोपे उन्हाळ्यात अधिक तग धरतात. पाण्यात बुडालेला पंप स्वतःची उष्णता पाण्यातच सोडतो, तो बाहेर ठेवता आला तर पाहावे.

हवेचे बुडबुडे सोडणारा लहान पंप आवश्यक आहे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखाव्या. तो पाण्याला हवेने तृप्त करील, त्या तापमानाला जेवढी मावते त्याहून अधिक काही देऊ शकणार नाही. आणि दुपारी बेचाळीस अंशांची हवा तो आत फुंकत असेल तर त्याची ऊबही पाण्यात उतरते. त्याचे तोंड खोलीच्या गार हवेत असावे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील एक प्रयोग मला फार उद्बोधक वाटला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या लेट्यूसला हवा ३१ अंशांची मिळाली, तरी पाणी २४ अंशांवर राखल्यास पीक विक्रीयोग्य होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे सारी खोली थंड करण्याची धडपड न करता मुळांपुरते पाणी सांभाळले तरी बरेच साधते. ज्याच्या हाती पैसा थोडा आहे, त्याने तो खोलीवर उधळण्याआधी टाकीकडे वळवावा, असे मला वाटते.

पाणी अति थंडही नको. पौषातल्या रात्री आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो. पाणी बारा-तेरा अंशांवर आले की मुळे आळसावतात, स्फुरद नीट उचलत नाहीत आणि पानांच्या पाठी जांभळट होतात. आपल्या आजीला हे निराळे सांगावे लागले नसते. तिच्याजवळ पाण्याच्या प्रत्येक अवस्थेला शब्द होता : गार, कोमट, ऊन, कढत, निवलेले, शिळे. स्नानाच्या कढत पाण्यात थंड पाणी घालतात त्याला विसण म्हणतात, वऱ्हाडाकडे इसण. मुळांच्या पाण्यालाही विसण लागते, एवढेच मी पुतण्याच्या माणसांना सांगितले आणि पुस्तिकेची चार पाने वाचली. पारिभाषिक शब्दांची एक लांबलचक यादी मी आधी तयार केली होती, ती फाडून टाकली.

पुढे त्याने शेडच्या उत्तर बाजूला खड्डा घेतला, टाकी गळ्यापर्यंत पुरली, वर गवताचे छप्पर केले. कूलरच्या खालच्या पेटीतले पाणी सर्वांत गार असते हे त्याच्या लक्षात आले, म्हणून खतपाण्याची नळी त्या पेटीतून वेटोळे घालून फिरविली. प्रथम तांब्याची नळी घेणार होता, ती मी त्याला घेऊ दिली नाही. खताच्या आम्लधर्मी पाण्यात तांबे उतरते आणि मुळांना ते विष होते. स्टीलची महाग पडली, पण घेतली. उडून जाणाऱ्या पाण्यामुळे कूलरच्या पेटीत क्षार साचतात, ती आठवड्याला धुवावी लागते. आणि टाकीत एक तापमापक कायमचा टांगलेला आहे, त्याची वही दाराशी आहे.

गेल्या मे महिन्यात मी तेथे गेलो होतो. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर हवा त्रेचाळीस अंश, वहीत टाकीचा आकडा २६. हौदात पालक होता, त्याची मुळे पांढरी होती. लेट्यूसचा हौद त्याने रिकामा ठेवला होता. म्हणाला, "काका, ते दिवाळीनंतर. तोवर कर्जाचे दोन हप्ते पालकावर निघतील."